जेलमधली छिद्रं आणि छायाचित्रातली छिद्रं

2000 साली ‘जर्नल ऑफ कंट्रोल्ड रिलीज’ या नियतकालिकात पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधून, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसमधून, एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते मकरंद रिसबूड, आनंदवर्धन हर्डीकर, रमेश भोंडे आणि त्यांचे सहकारी. कोलंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं कायटोसान आणि पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हे पॉलिमर एकत्र करून त्यांनी हायड्रोजेलचे पातळ पडदे तयार केले. काही पडदे हवेत वाळवले, काही गोठवून निर्वात पोकळीत सुकवले. रसायन तेच, प्रमाण तेच, फरक फक्त वाळवण्याचा. गोठवून सुकवलेल्या पडद्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला सरासरी सुमारे 39 मायक्रोमीटर व्यासाची छिद्रं दिसली. जठरासारख्या तीव्र आम्लात तीन तासांत या पडद्यातून अमॉक्सिसिलीन 73 टक्के बाहेर पडलं. हवेत वाळवलेल्यातून 33 टक्के.

निबंध औषध हळूहळू सोडण्याबद्दल होता. पण याच गटाने त्याच सुमारास हे जेल पेशींसमोर ठेवलं. जखमेच्या उपचाराचा विचार करून फायब्रोब्लास्ट पेशींच्या वाढीवर त्याचा काय परिणाम होतो ते पाहिलं, शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूवर तुटून पडणाऱ्या मॅक्रोफेज पेशी त्याने चिथावल्या जात नाहीत हे दाखवलं, आणि इन्सुलिन तयार करणारी स्वादुपिंडातली पेशीबेटं अशा जेलच्या आडोशाने दुसऱ्या शरीरात टिकवता येतील का, या दिशेने रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवरही प्रयोग केले. पुण्यातल्या ऊती अभियांत्रिकीच्या सुरुवातीच्या कामांत याची गणना करायला हवी.

आता त्या 39 मायक्रोमीटरकडे वळू. ती छिद्रं जेलमध्ये होती का?

सुकवलेल्या पडद्यात होती, ओल्या जेलमध्ये नव्हती. मूळ निबंधाचा यात काही दोष नाही. वाळवण्याच्या दोन पद्धतींची तुलना हाच तर त्याचा विषय होता आणि छायाचित्राने फरकाचं कारण नेमकं दाखवलं. अडचण पुढे झाली. गेल्या पंचवीस वर्षांत जगभर पॉलिसॅकराइड जेलवर जे अफाट लेखन झालं, त्यात गोठवून सुकवलेल्या तुकड्याचं करड्या रंगाचं छायाचित्र आणि खाली ‘हायड्रोजेलची रचना’ अशी ओळ हा जणू शिरस्ता होऊन बसला. त्या छायाचित्रावरून सरासरी छिद्र काढायचं आणि त्यावरून पेशी आत कशा शिरतील याचं भाकीत करायचं. या आढाव्यात माझं म्हणणं एकच आहे: छायाचित्रातून काढलेला आकडा कितीही काळजीने काढला, तरी नमुना ओला होता की कोरडा, आणि कोरडा असेल तर तो कसा कोरडा केला, हे सांगितल्याशिवाय तो आकडा जेलबद्दल काहीच सांगत नाही.

पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून येतं, आगर लाल शेवाळातून, गवारीच्या बियांपासून ग्वार गम, आणि हायल्युरोनिक आम्ल तर आपल्याच सांध्यांत आणि त्वचेत असतं. या साखळ्या पाण्यात पसरतात, एकमेकींना ठिकठिकाणी बांधल्या जातात आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात. शरीरात पेशी ज्या ओलसर, लवचीक परिसरात राहतात त्याच्याशी हे जवळचं आहे, म्हणून ऊती घडवू पाहणाऱ्यांची त्यांच्यावर नजर गेली. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकँटी यांनी 1993 साली ‘सायन्स’मध्ये या शाखेची मांडणी केली. त्याच्याही आधी, 1980 साली, लिम आणि सन यांनी उंदरांच्या पेशीबेटांना अल्जिनेटच्या सूक्ष्म गोळ्यांत बंद करून मधुमेही उंदरांत बसवलं होतं.

पुण्याला जेल नवीन नव्हतं. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, स्टार्चवर बेतलेलं ‘जलशक्ती’ हे पाणी शोषणारं पॉलिमर विकसित झालं ते कोरडवाहू जमिनीत ओल टिकवण्यासाठी. रघुनाथ माशेलकर, आशिष लेले, मनोहर बडिगेर यांनी जेल का फुगतं, तापमानाच्या एका टप्प्यावर अचानक का आक्रसतं, यामागची भौतिकी मांडली. इकडे जेल जाणणारे आणि तिकडे गणेशखिंडीत देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींच्या जाती पुरवणारं एनसीसीएस, मध्ये काही किलोमीटरचं अंतर. एनसीएलला लागून आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था 2006 साली आली. जेल, पेशी आणि सूक्ष्मदर्शक इतक्या जवळ असणारी शहरं देशात फार नाहीत.

तरीही जेल समजणारा आणि छायाचित्र वाचणारा यांची भाषा वेगळीच राहिली. जेल समजणारा ‘जाळी’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर दोन साखळ्यांमधलं अंतर असतं. हे अंतर सूक्ष्मदर्शकाशिवायही अदमासता येतं. जेल किती ताठ आहे हे मोजायचं, आणि रबराच्या लवचीकतेच्या सिद्धान्तातून बांधणीच्या दोन गाठींमधलं अंतर काढायचं. ताठपणा 1000 पास्कल असेल, म्हणजे बोटाने सहज दबणारं मऊ जेल असेल, तर शरीराच्या तापमानाला हे अंतर येतं सुमारे 16 नॅनोमीटर. ताठपणा दहापट केला की साडेसात. आगरमधून वेगळ्या काढलेल्या आगरोजसारख्या, ताठ दोऱ्यांच्या जुड्या करणाऱ्या जेलला हे सूत्र लागू पडत नाही, तिथली जाळी शंभर नॅनोमीटरच्या आसपासही असते. पण तेही मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढंच झालं. छायाचित्रातली छिद्रं मात्र तीस, ऐंशी, दीडशे मायक्रोमीटरची. सोळा नॅनोमीटर आणि 39 मायक्रोमीटर यांत दोन हजार पटींहून जास्त फरक आहे. इतक्या फरकाचं खापर मोजणीतल्या चुकीवर फोडता येणार नाही. या दोन वेगळ्याच वस्तू आहेत.

मोठी छिद्रं येतात बर्फामुळे. जेल थंड होऊ लागलं की पाण्याचे स्फटिक धरतात. बर्फाच्या स्फटिकात साखरेच्या साखळीला जागा नसते, म्हणून वाढता स्फटिक साखळ्यांना बाजूला रेटतो. दोन स्फटिकांच्या मधल्या फटीत त्या दाटतात, तिथे भिंत तयार होते. मग निर्वात पोकळीत बर्फाची थेट वाफ होऊन तो निघून जातो आणि त्याची जागा रिकामी राहते. अनारशाची जाळी पिठात नसते, ती तुपात पडते, तसंच हे. छायाचित्रात दिसणारं छिद्र हा बर्फाच्या स्फटिकाचा ठसा आहे.

म्हणूनच त्याच जेलमधून हवी तशी छिद्रं काढता येतात. अमेरिकेत सुंदरराजन माडिहळ्ळी आणि हॉवर्ड मॅथ्यू यांनी 1999 साली कायटोसानवर हे पद्धतशीर दाखवलं: गोठवण्याची परिस्थिती बदलून छिद्रांचा सरासरी व्यास 1 ते 250 मायक्रोमीटरच्या पट्ट्यात कुठेही आणता येतो. सावकाश गोठवलं तर थोडे पण मोठे स्फटिक, द्रव नायट्रोजनमध्ये झटकन बुडवलं तर असंख्य बारीक. एनसीएलमध्ये गुरुस्वामी कुमारस्वामी यांच्या गटाने बर्फाचा हा स्वभाव हेतुपूर्वक वापरला. बर्फाच्या स्फटिकांनी बाजूला सारलेले कण एकमेकांना जोडून त्यांनी असे स्पंज केले की जोरात दाबूनही ते मूळ आकारात परत येतात. तिथे छिद्र हे साधायचंच उद्दिष्ट होतं आणि ते तसं उघडपणे मांडलेलं आहे. स्कॅफोल्ड म्हणून, म्हणजे पेशींना आधार देणारा सांगाडा म्हणून, सुकवलेला स्पंज वापरणार असाल तर स्पंजाचं छायाचित्र रास्तच आहे. सुकवलेल्याचं चित्र दाखवून पेशी मात्र न सुकवलेल्या जेलमध्ये घालायच्या, हा व्यवहार चुकीचा.

आणि सुकवलेला स्पंज वापरला तरी प्रश्न संपत नाही. पेशी घालण्याआधी तो पोषकद्रवात भिजतो, भिंती फुगतात, छिद्रं आकसतात, नाजूक भिंत असेल तर कोसळतातही. कायटोसान आम्लात फार फुगतं, शरीराच्या पीएच 7.4 ला कमी. कोरड्या अवस्थेतला 39 आणि भिजल्यानंतरचा आकडा एकच राहील असं धरून चालायला काहीच आधार नाही.

आता छायाचित्रातून आकडा निघतो कसा ते जरा जवळून पाहू. वाचकाला शेवटी फक्त ‘सरासरी अमुक, विचलन तमुक’ एवढंच दिसतं, म्हणून हे पाहणं गरजेचं आहे. सुकलेल्या तुकड्याचा काप घेतात. धारदार पातं वापरलं तरी मऊ भिंती घसरून छिद्रांची तोंडं मिटतात, म्हणून तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये कडक करून मोडणं बरं. काप कार्बनच्या चिकटपट्टीने धातूच्या छोट्या बैठकीवर बसवतात, वर सोन्याचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप देतात, कारण साखरेतून वीज वाहत नाही आणि विद्युतभार साचला की चित्र पांढरं फटक होतं. मग इलेक्ट्रॉनचा झोत. चित्र मिळालं की ते संगणकावर बहुधा ‘इमेज-जे’मध्ये उघडतात. हे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी 1997 च्या सुमारास सुरू केलं. त्याचाच वाढवलेला अवतार ‘फिजी’. करड्या छटांमध्ये एक सीमा ठरवायची, तिच्याखालचं सगळं छिद्र, वरचं सगळं भिंत. ही सीमा आपोआप ठरवण्याची नोबुयुकी ओत्सू यांची 1979 ची रीत आजही सर्रास वापरली जाते. एकमेकांना चिकटलेली छिद्रं सुटी करायची, प्रत्येकाचं क्षेत्रफळ मोजायचं, त्याएवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास काढायचा.

यातली जवळजवळ प्रत्येक पायरी आकड्याला एका ठरावीक दिशेने ढकलते. ओत्सूची रीत धरून चालते की चित्रात छटांचे दोन ठळक गट आहेत. इलेक्ट्रॉन चित्रात मात्र उजेड-अंधार पृष्ठभागाच्या कलावरही अवलंबून असतो; भिंतीची कड झळकते, तीच भिंत सपाट वळली की काळवंडते. शिवाय या सूक्ष्मदर्शकाला खोलवरचं स्पष्ट दिसतं. छिद्राच्या तोंडातून मागची भिंत उजळ दिसते आणि संगणक तिला पुढची भिंत समजून मोजतो. त्यामुळे सच्छिद्रता कमी भरते. कापावरच्या छिद्रांच्या क्षेत्रफळाचं प्रमाण म्हणजेच घनफळाचं प्रमाण हा नियम फ्रेंच भूवैज्ञानिक डेलेस यांनी 1847 साली खडकांसाठी सांगितला. तो खरा आहे, पण घासून सपाट केलेल्या कापासाठी. खोली दिसणाऱ्या चित्राला तो लावणं म्हणजे त्याचा आधारच काढून घेणं.

व्यासाचंही तसंच. गोल पोकळी कुठेही कापली तर तिचा मध्य पात्यात सापडेलच असं नाही. बहुतेक वेळा कडेचा लहान काप मिळतो. सारख्याच आकाराच्या गोल पोकळ्या असतील तर सपाट कापांवरचा सरासरी व्यास खऱ्याच्या π/4 पट, म्हणजे साधारण 79 टक्के भरतो. चित्रावर 40 आलं तर खरं 51 च्या जवळ. चौकटीचाही प्रश्न आहेच. समजा चित्राची रुंदी 256 मायक्रोमीटर आहे आणि छिद्रं चाळिसेक मायक्रोमीटरची. आडव्या ओळीत सहाच बसतील, सगळी मिळून तीसेक. कडेला अर्धवट कापलेली वगळायची हा नियम. पण मोठं छिद्र कडेला लागण्याची शक्यता लहानापेक्षा जास्त, म्हणजे वगळली जातात ती मोठी. उरलेल्या वीस-बावीस छिद्रांची सरासरी आणि ती दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत छापलेली! मला यात फसवणूक दिसत नाही, सवय दिसते. पण सवयीने छापलेला आकडा पुढच्या निबंधात पुरावा होतो, आणि त्या पुराव्यावर कुणीतरी आपल्या विद्यार्थ्याची तीन वर्षं लावतो.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. पेशी आत शिरणार की नाही हे छिद्राच्या पोटावर ठरत नाही, दोन छिद्रांमधल्या अरुंद वाटेवर ठरतं. शंभर मायक्रोमीटरच्या खोल्या पाच मायक्रोमीटरच्या दारांनी जोडलेल्या असतील तर पंधरा मायक्रोमीटरची पेशी दाराशीच अडेल. आणि ही वाट एका सपाट कापात दिसूच शकत नाही. कापावर विलग दिसणारी दोन छिद्रं कागदाच्या मागे एकमेकांत मिसळलेली असू शकतात. जोडणी मोजायला त्रिमिती चित्रच लागतं.

त्रिमितीसाठी सूक्ष्म सीटी हे सरळ साधन आहे. क्ष-किरणांनी चहूबाजूंनी टिपायचं आणि संगणकाने घन उभारायचा. हाडासाठी विकसित झालेल्या मोजणीच्या रीती, उदाहरणार्थ हिल्डेब्रँड आणि ऱ्युएगसेगर यांची 1997 ची, पोकळीत मावेल तो मोठ्यात मोठा गोल बसवत जाऊन जाडी काढण्याची रीत, तिथे थेट वापरता येतात. हाडाच्या जागी जेल ठेवलं की अडचण होते. ओल्या जेलमध्ये पंच्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के पाणी, भोवती पाणीच. क्ष-किरणांना दोन्ही सारखंच. आयोडिनसारखं जड द्रव्य मुरवलं तर फरक दिसतो, पण त्याने जेल आक्रसलं का हे वेगळं तपासावं लागतं. कोरड्या स्पंजावरसुद्धा चित्राचा एकेक घनकण दहा मायक्रोमीटरचा असेल आणि भिंत तीनची, तर भिंत पुसट होते, कुठे नाहीशीच होते, आणि नसलेल्या वाटा निर्माण होतात.

ओलं जेल ओलं ठेवून पाहण्याचा माझ्या मते सगळ्यात विश्वासार्ह मार्ग म्हणजे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक. साखळीला चमकणारा रंग रासायनिक बंधाने जोडायचा, किंवा उलट, चमकणाऱ्या डेक्स्ट्रानच्या द्रावणात स्पंज बुडवून पोकळ्याच उजळवायच्या. लेझरचा झोत थराथराने खाली नेत चित्रांची चवड तयार करायची. यालाही मर्यादा आहेत. प्रकाशाची सीमा अर्न्स्ट आबे यांनी 1873 सालीच सांगून ठेवली: दोनशे नॅनोमीटरच्या खालचं साध्या भिंगातून वेगळं दिसत नाही. उभ्या दिशेत तर त्याच्या अडीच-तीन पट धूसर, म्हणून गोल छिद्र उभट दिसतं आणि उताविळीत कुणी ‘छिद्रं एका दिशेने ताणलेली आहेत’ असा निष्कर्ष काढतो. जेल गढूळ असेल तर शंभर-दोनशे मायक्रोमीटरच्या खाली प्रकाश विखुरतो. पण जे दिसतं ते पेशीला भेटणारं जेल असतं, ही बाजू माझ्या लेखी सगळ्या मर्यादांपेक्षा मोठी आहे. तोच नमुना तिथेच दाबून पाहता येतो, पीएच बदलून पाहता येतो, चौदा दिवसांनी पेशींसह पुन्हा पाहता येतो.

क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाबद्दल बऱ्याचदा अवाजवी खात्री बाळगली जाते. कल्पना अशी की पाणी इतक्या झटक्यात थंड करायचं की स्फटिक धरायला वेळच मिळू नये. पाणी काचेसारखं थिजावं. हे जमवणाऱ्या झाक दुबोशे यांना 2017 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण त्यासाठी सेकंदाला लाखभर अंशांचा उतार लागतो आणि तो फक्त पातळ थरालाच मिळतो. साध्या रीतीने काही मायक्रोमीटर, उच्च दाबाखाली दोनशे मायक्रोमीटरपर्यंत. मिलिमीटरभर जाडीचा तुकडा नायट्रोजनमध्ये बुडवला तर वरची साल काचेसारखी होते आणि आत बर्फच धरतो. मग वरचं पाणी थोडं उडवून देऊन जे सुबक मधाच्या पोळ्यासारखं चित्र मिळतं ते पुन्हा बर्फाचंच. नाव क्रायो असलं म्हणून निर्धास्त होण्याचं कारण नाही.

अल्जिनेटचं एक उदाहरण सांगतो, कारण नमुना कुठून घेतला याचं महत्त्व तिथे डोळ्यांना दिसतं. अल्जिनेटचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात टाकला की क्षणात वर कातडी धरते. साखळ्यांच्या वळणांत कॅल्शियम बसून जोड्या बांधल्या जातात. 1973 साली मांडलेलं हे ‘अंड्यांच्या खोक्याचं’ प्रारूप पाठ्यपुस्तकांत असतं. कॅल्शियम बाहेरून आत झिरपतं, त्यामुळे बाहेरचा थर आधी आणि घट्ट बांधला जातो, आतल्या साखळ्याही बाहेर ओढल्या जातात, गाभा विरळ राहतो. एकाच मण्याच्या कडेचं आणि मध्याचं चित्र घेतलं तर दोन वेगळी जेलं वाटावीत. सगळीकडे सारखी बांधणी हवी असेल तर विरघळायला वेळ घेणारं कॅल्शियम कार्बोनेट आधीच आत मिसळतात आणि एका मंद आम्लाने कॅल्शियम हळूहळू मोकळं करतात. निबंधात ‘प्रातिनिधिक चित्र’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते मण्याच्या कुठल्या भागाचं प्रतिनिधी आहे हे विचारायलाच हवं.

मग छिद्र किती हवं? याचं उत्तर कामावर आहे, आणि इथे एनसीसीएसच्या जुन्या कामाकडे परत यावं लागतं. पेशीबेटं आडोशाला ठेवायची असतील तर ग्लुकोज आत यावं, इन्सुलिन बाहेर जावं, प्रतिपिंडं मात्र आत येऊ नयेत. ग्लुकोज एका नॅनोमीटरच्या आसपास, इन्सुलिन काही नॅनोमीटर, प्रतिपिंड दहाच्या पुढे. सगळा खेळ दहा नॅनोमीटरच्या अलीकडे-पलीकडे. तिथे मायक्रोमीटरच्या छिद्राचं चित्र कितीही देखणं असलं तरी निरुपयोगी. त्याऐवजी ठरावीक आकाराचे चमकणारे रेणू जेलमध्ये सोडून ते किती वेगाने पसरतात हे पाहणं हवं. लेझरने एक ठिपका विझवून तो पुन्हा उजळायला लागणारा वेळ मोजला की जाळीचा अंदाज येतो. तोही चित्रातूनच काढलेला आकडा, फक्त त्यात आकाराऐवजी हालचाल मोजली जाते.

त्वचा किंवा हाड करायचं असेल तर उलट. पेशी स्वतः दहा-वीस मायक्रोमीटरची. तिला चालत आत जायचं आहे. हाडासाठी कॅराजॉर्जिओ आणि कॅप्लान यांच्या 2005 च्या आढाव्यात शंभर मायक्रोमीटर ही किमान मर्यादा आणि तीनशेच्या वर चांगलं असं निघालं, कारण मोठ्या छिद्रांत रक्तवाहिन्या शिरतात. रक्तवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रोमीटरच्या पलीकडे ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही, म्हणून रक्तवाहिन्यांशिवाय जाडजूड ऊती जगत नाही. कूर्चेच्या पेशी मात्र जाळीत घट्ट बंद राहूनही गोल, समाधानी राहतात. तिसरी शक्यता अलीकडे पुढे आली आहे: पेशीला तयार छिद्र लागतच नाही, जेल तिच्या रेट्याने हळूहळू सरकलं तरी पुरे. डेव्हिड मूनी यांच्या गटाने 2016 साली दाखवलं की ताठपणा तोच ठेवून जेलचा ताण जितक्या लवकर उतरतो तितक्या अल्जिनेटमधल्या पेशी जास्त पसरतात आणि हाडाकडे वळतात. स्थिर चित्रात हा गुण दिसणारच नाही.

यंत्रशिक्षणाचा बोलबाला इथेही पोचला आहे. 2015 साली आलेलं ‘यू-नेट’ हे वैद्यकीय चित्रांचे भाग वेगळे करण्यासाठीचं जाळं छिद्रं-भिंती वेगळ्या करण्यात ओत्सूपेक्षा पुष्कळ सरस आहे. मागची भिंत आणि पुढची भिंत यांतला फरकसुद्धा ते शिकू शकतं. मला त्याचं मोल वाटतं. पण ते शिकतं माणसाने आखून दिलेल्या नमुन्यांवरून. एका प्रयोगशाळेच्या कायटोसानवर शिकलेलं जाळं दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावरच्या आगरोजला लावलं तर ते तितक्याच ठामपणे चूक आकडा देतं. आणि बर्फाचा ठसा ते कितीही अचूक मोजो, तो ठसा बर्फाचाच राहतो. म्हणून मूळ, न छाटलेली चित्रं, प्रमाणपट्टी, गोठवण्याचा वेग, काप कुठून घेतला, सीमा कशी ठरवली, हे सगळं निबंधासोबत खुलं ठेवणं हे नव्या सॉफ्टवेअरपेक्षा आधी व्हायला हवं. एका सरासरीऐवजी छिद्रांच्या आकारांचं पूर्ण वितरण द्यावं, कारण वीस आणि साठ यांची सरासरी चाळीस असते आणि चाळीसचं छिद्र कदाचित एकही नसतं.

पुण्यात करण्याजोगं एक काम स्पष्ट दिसतं. कायटोसान, अल्जिनेट आणि आगरोज अशी तीन जेलं ठरलेल्या कृतीने करायची. प्रत्येक जेल ओलं असताना कॉन्फोकलखाली, ताठपणाच्या मोजणीत आणि रेणूंच्या पसरणीत तपासायचं. मग तेच गोठवून, सुकवून, पुन्हा भिजवून तपासायचं आणि शेवटी एनसीसीएसच्या पेशी त्यात वाढवायच्या. सगळी चित्रं खुली ठेवायची. लागणारी विद्या पाषाण आणि गणेशखिंड यांच्या दरम्यान आहे. असा एक संच हाताशी असेल तर कुठलाही संशोधक आपल्या कोरड्या चित्राचा ओला अर्थ काय हे पडताळू शकेल.

रिसबूड पुढे अमेरिकेत गेले आणि फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठात मणक्यांमधल्या चकतीवर काम करू लागले. त्या चकतीचा गाभा हे निसर्गाने केलेलं जेलच आहे: साखरेच्या साखळ्यांनी लगडलेलं ॲग्रेकन, कोलॅजेनचे धागे आणि भरपूर पाणी. कंबरदुखीच्या रुग्णाचा एमआरआय काढतात तेव्हा हे जेल न कापता, न वाळवता पाहिलं जातं. तरुण चकती उजळ दिसते. साखळ्या झिजून पाणी कमी झालं की ती काळवंडते, आणि या काळवंडण्याच्या पाच पायऱ्या 2001 पासून डॉक्टर वापरतात. एमआरआयला नॅनोमीटरची जाळी दिसत नाही, पण जाळीत अडकलेलं पाणी मोकळ्या पाण्यापेक्षा वेगळं वागतं, आणि ते वागणं चुंबकीय संकेत विझायला लागणाऱ्या वेळात उतरतं. हीच मोजणी एनएमआर यंत्रावर जेलच्या छोट्या तुकड्याचीही होते, काचेच्या बारीक नळीत, ओल्या अवस्थेत, आणि मोजून झाल्यावर तोच तुकडा पेशींसाठी वापरता येतो. पाषाणला एनसीएलमध्ये अशी यंत्रं गेली अनेक वर्षं चालू आहेत.